निजमावशीची चोखणी

निजमावशीच्या खोलीत आठ-दहा तान्ही-रांगती पोरं असायची, आणि दारावरून जाणाऱ्याला वाटायचं, खोलीत कुणी नाही. इतकी शांतता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बाहेर ऐकू यायची. नव्यानं पोर सोडायला आलेली बाई घाबरायची, पडदा बाजूला करून डोकवायची. आत सतरंजीवर पोरं ओळीनं पडलेली, कुणी जागं, कुणी झोपलेलं, आणि मधोमध मावशी पाय पसरून बसलेली, ओठांवर बोट. "हळू गं बाई," असं ती नुसत्या डोळ्यांनी म्हणायची.

तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या लाईनीत ही शांतता सोन्याच्या भावाची होती. सातपूरला कंपनीच्या भिंतीमागे आमच्या खोल्यांची लाईन. एकीला एक चिकटलेली खोली, मधली भिंत एका विटेची. शेजारी कुणाला ठसका लागला तर आपण इकडून "पाणी पी गं" म्हणायचं, अशी. प्रत्येक घरात कुणी ना कुणी पाळीवर. फर्स्ट, सेकंड, नाईट. नाईट करून आलेला माणूस सकाळी चहा-पोळी खाऊन, खिडकीला चादर टांगून आडवा व्हायचा. बाहेर ऊन, भाजीवाला, नळावरची भांडणं, आणि आत त्याची मध्यरात्र. दिवसा मूल रडलं तर ते एका घरात रडायचं नाही, चार घरांत रडायचं.

म्हणून मावशी. तिचं खरं नाव विमल, पण ते फक्त रेशनकार्डावर. पोरं निजवणारी म्हणून ती निजमावशी झाली, ती कधी झाली ते कुणालाच आठवत नाही. बायका पॅकिंगला जायच्या, बंगल्यांवर धुण्या-भांड्याला जायच्या, आणि जाताना पोर तिच्या मांडीवर टाकायच्या. मी कामगारांचे डबे करायचे. पोळ्या लाटून झाल्या की सुपात सोलायचा लसूण घेऊन दुपारी तिच्या उंबऱ्यात जाऊन बसायचे. तिथं बोलायचं ते कुजबुजत. जन्मभर मोठ्यानं बोलणारी बाई मी. सासूनं सांगून पाहिलं, नवऱ्यानं सांगून पाहिलं, पण माझ्या आवाजाला लगाम घातला तो तिनं एकटीनं. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आता माझा आवाज पुन्हा मोठा झालाय आणि ऐकायला उंबऱ्यात कुणी नाही.

"रडणं भिंतीतून पलीकडं जातं, ताई," ती म्हणायची. "हसणं नाय जात." असा तिचा पक्का समज. त्यामुळे तिच्याकडे रडायला बंदी होती, हसायला नव्हती.

या समजामागे एक दुखणं होतं. तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, तरुणपणी पॉवर प्रेसवर होते. मुलगा तान्हा होता आणि पोटदुखीनं दिवसभर कळवळून रडायचा. मामा नाईट करून यायचे आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा मशीन खाली आलं आणि हात मागे घ्यायला मामांना जरासा उशीर झाला. उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. त्यानंतर मामा गेटवर बसायचे. पोराला ते कधी चुकूनही बोलले नाहीत, बायकोलाही नाहीत. मावशीनं मात्र स्वतःला बोल लावला तो कायमचा. "माझं पोर निजलं असतं तर यांचा हात राह्यला असता." लाईनीत कुठंही मूल रडायला लागलं की तिचं तोंड उतरायचं. आपल्याला रडणारं पोर दिसायचं, तिला कुणाचा तरी हात दिसायचा.

त्या भीतीवर तिच्याकडे एकच उतारा होता, चोखणी. जुन्या मलमलच्या फडक्यात सुपारीएवढा गुळाचा खडा आणि चिमूटभर बडीशेपेची पूड. दोऱ्यानं घट्ट गाठ मारायची, पाण्यात बुडवायची आणि पोराच्या तोंडात द्यायची. तिचं माहेर कळवणकडचं. तिकडे कांदे लावायला गेलेल्या बायका बांधावरच्या झोळीतल्या पोरांना हेच देऊन ठेवायच्या. आईकडून तिनं उचललं. पोर चोखत चोखत झोपायचं, आणि झोपेतही त्याचे ओठ हलत राहायचे. खडा विरघळला की मावशी नवा भरायची. स्वच्छता मात्र विचारू नका. फडकी रोज उकळत्या पाण्यातून काढायची आणि दारातल्या दोरीवर वाळत घालायची. वाऱ्यावर हलणारी ती पांढऱ्या फडक्यांची माळ बघून वाटायचं, घरात काही कार्य आहे. "बाहेरचं काय बी नाय यात," ती अभिमानानं सांगायची. "घरचा गूळ, उकळलेलं फडकं अन् माझा हात."

शांततेसाठी तिनं स्वतःला किती आवळून घेतलं होतं, त्याच्या गोष्टी लाईनीत अजून सांगतात. हातात बांगडी नाही. शिट्टी होते म्हणून कुकर नाही, वरण पातेल्यात. जोडवी फरशीवर वाजतात म्हणून तीही काढून डब्यात ठेवलेली. एकदा तिची नणंद आली आणि उंबऱ्यातच फणकारली, "वहिनी, नवरा जिता-जागता बसलाय नि जोडवी काढून बसलीस?" मावशी कुजबुजतच म्हणाली, "त्यांचा हात गेला तवा होतीच की पायात." नणंद चहाही न घेता उंबऱ्यातूनच परत फिरली. पौर्णिमेला मावशी पांढरं पातळ नेसून विहारात जायची. तिथं सगळे वंदना म्हणायचे, तेव्हा हिचे नुसते ओठ हलायचे. सवयच लागली होती.

आता ओवीचं सांगते. माझ्या पलीकडच्या खोलीत रेखा आणि सुनील राहायचे. सुनील मशीनवर, महिन्यातले निम्मे दिवस नाईट; रेखा पॅकिंगला. त्यांची ही पोरगी चार महिन्यांची असल्यापासून मावशीकडे. मावशीकडची बाकीची पोरं हळूहळू तिच्यासारखी होत. हसली तरी गालातल्या गालात. ओवी नाही. ती खदखदून हसायची, डोकं मागे टाकून, होते नव्हते तेवढे सगळे दात दाखवून. वर चार, खाली चार, तांदळासारखे. चमचा खाली पडू न देणारी मावशी मुद्दाम तिच्या कुशीत बोट घालायची, गुदगुल्या करायची. पलीकडे सुनील झोपलेला असायचा. मी म्हणायचे, "अगं, उठेल तो!" तर म्हणे, "उठला तर उठू दे. लेकीचं हसणं ऐकून उठला तर हात नाय जायचा त्याचा."

ओवीच्या दुसऱ्या वाढदिवसाला रेखा मोबाईलवर फोटो काढत होती. केक भरवताना जवळून काढला आणि मग तो फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिली. "मावशी, हिच्या दातांवर हे काय हो?" आम्ही सगळ्या वाकलो. वरच्या चार दातांना हिरडीच्या कडेनं पिवळट-तपकिरी पट्टा आला होता, चहाच्या कपाला आतून राप बसतो तसा. पुढे कळलं की आधी तिथं खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ येते. पण पांढऱ्या दातावर पांढरी रेघ कोण बघतं?

झालं, लाईनीची सभा भरली. एकजण म्हणाली, बोअरचं पाणी. दुसरी म्हणाली, रक्तवाढीचं औषध दिलं असेल, त्यानं दात काळे होतात. तिसरीनं थेट रेखालाच विचारलं, "पोटुशी असताना ग्रहण पाळलं नव्हतंस ना?" रेखा रडकुंडीला आली. मग आम्ही बघायला लागलो, तर मावशीकडच्या निम्म्या पोरांच्या वरच्या दातांवर तेच. सगळ्यांचंच तसं म्हटल्यावर ते दुखणं वाटेनासं झालं. लाईनीत पोरांचे दात असेच येतात, म्हणून सगळ्या निवांत झाल्या. आणि शेवटी जे ठरलं ते घरोघरी ठरतं तेच. दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत. हे वाक्य इतकं सोयीचं आहे की बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही हायसं वाटतं.

मावशीला मात्र हायसं वाटलं नाही. ओवी हसली की तिची नजर आता त्या पट्ट्यावर जायची. "देखणी पोर, अन् तोंडात काळं," असं पुटपुटायची. मग तिनं उपाय सुरू केले. आधी मीठ-हळद बोटावर घेऊन. मग शेगडीतल्या कोळशाची वस्त्रगाळ पूड. मग कुणीतरी मोबाईलवर बघून सांगितलं, खाण्याचा सोडा आणि लिंबू. दात आरशासारखे होतात. मावशी पोरीला मांडीवर उताणी घ्यायची आणि घासायची. फेस यायचा, ओवी तोंड फिरवायची, रडायला लागायची. रडायला लागली की मावशी काय करणार? चोखणी. घासायचं आणि चोखणी, घासायचं आणि चोखणी. आठवड्याभरात तिला पट्टा फिका वाटला. "बघा ताई, निघतंय! घासून घासून मोत्यावानी करीन." मलाही तो फिका दिसला. दोन म्हाताऱ्यांना दिसावंसं वाटत होतं, तेच दिसत होतं.

पावसाळ्याच्या शेवटी ओवीनं पेरूचा घास घेतला आणि पेरूत दाताचा तुकडा राहिला. पुढचे दोन दात खवल्यासारखे तुटत गेले आणि त्यांचे काळे खुंट राहिले. मग एके दिवशी दुपारी पोर तापली. उजवा गाल वर चढला, डोळा बारीक झाला. हिरडीवर मोहरीएवढी पुळी, आत पिवळं. रेखाला फोन लावला तर लागेना, सुनीलही त्या आठवड्यात फर्स्टला. कामावर असताना मोबाईल बाहेर ठेवावा लागतो त्यांना. बाकीची पोरं शेजारणीवर सोपवून मी आणि मावशीनं पोर उचलली आणि रिक्षा करून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

तिथं ओवी जी रडायला लागली, ती थांबेना. दवाखान्यात सगळे आमच्याकडे बघत होते. मावशीनं सवयीनं कनवटीला हात घातला, चोखणी काढली, बरोबर आणलेल्या गडूतल्या पाण्यात बुडवली आणि पोरीच्या तोंडात दिली. पोर गप्प झाली. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी जवळ येऊन हलकेच ती पुरचुंडी काढून घेतली, वास घेतला.

"आजी, हे काय आहे?"

मावशीनं मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. गूळ, बडीशेप, उकळलेलं फडकं. पोरं कशी झोपतात, ओवीचे दात सोड्या-लिंबानं कसे घासले, तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"झोपेतसुद्धा तोंडातच असतं?"

"झोपेसाठीच तर हाय ना, डॉक्टरीणबाई."

"आजी, जागेपणी तोंडात लाळ असते, ती दात धूत राहते. झोपेत लाळ आटते. मग गूळ दातांवर तसाच बसून राहतो, तासन्‌तास. कीड त्याचीच आहे. आणि सोड्या-लिंबानं घासलंत ना, त्यानं वरचं कवच गेलं."

मावशीला ऐकू आलं की नाही, असं मला वाटलं. मग तिनं तेच विचारलं, जे सगळी लाईन म्हणायची. "पण दुधाचेच हायत ना हे? पडायचेच ना?"

"पडतील. पण हिचे पक्के दात आत्ता, या क्षणी, हिरडीच्या आत घडताहेत. याच मुळांच्या बगलेला. पू तिथवर पोचला असेल तर नव्या दातावर डाग येऊ शकतो. येईलच असं नाही. सहा-सात वर्षांची झाली की कळेल."

चार दिवसांनी सूज उतरल्यावर ओवीचे वरचे पुढचे चारही दात काढले. रजा न मिळाल्यानं रेखा कंपनीतून तशीच धावत आली होती, अंगात निळा ॲप्रन, केसांना जाळी. पोरीच्या तोंडातला कापूस बघून ती मावशीकडे वळली. मी मध्ये पडणार होते, पण तिचा आवाज ऐकून तिथंच थबकले. ती ओरडली नाही. तीही लाईनीतलीच, हळू बोलायचं शिकलेली.

"मावशी, मी तुमच्यावर टाकून जात होते. माझ्या पोरीचं हसू गिळलंत तुम्ही."

सुनील बाजूला उभा होता, खाली बघत. दोन वर्षं तो ज्या झोपेच्या जोरावर मशीनपुढे उभा राहिला, ती झोप कशाच्या जोरावर मिळत होती, हे त्याला आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं गुळाची ढेप उचलून गाईला नेऊन घातली. दोरीवरची फडकी मात्र ठेवली. ती आता बोटाला गुंडाळायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि प्रत्येक पोराचं खाणं झालं की त्याचे दात पुसायची. एकेक दात, पुढून, मागून. घरोघरी जाऊन हात जोडायची. "डॉक्टरीणबाई म्हणत्यात, आणून दाखवा. सुरुवात असंल तर थांबवता येतं." पण खाडा करून कोण नेणार? एक बाई गेली. तिला सांगितलं, औषध लावू, कीड थांबेल, पण डाग काळा होऊन तसाच राहील. ती परत येऊन सगळ्यांना ठसक्यात सांगत सुटली, "घ्या! पदरमोड करून पोराचे दात काळे करून आणायचे म्हणे!" मग दुसरी कुणी गेलीच नाही.

आणि मावशीच्या खोलीत पोरं रडायला लागली.

रडणारच. झोप म्हणजे चोखणी, एवढंच त्यांना माहीत. मावशी थोपटायची, खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायची, गुणगुणायची. एक गप्प झालं की दुसरं. भिंतीवर पलीकडून थापा पडायच्या. नाईटवाले तारवटलेल्या डोळ्यांनी दारात येऊन उभे राहायचे. "मावशी, आवरा की पोरं. संध्याकाळी मशीनवर उभं राहायचंय मला." एकीकडे पोरांचे दात, दुसरीकडे त्यांच्या बापांचे हात. यातून बाईनं काय निवडावं, तुम्हीच सांगा. मला अजून सापडलेलं नाही.

आया यायच्या, त्याही विनवायच्या. "द्या हो मावशी थोडा गूळ. आम्ही नाही काही म्हणणार. दुधाचेच दात आहेत." मावशी मान हलवायची. एकीनं घरूनच चोखणी करून पोराच्या गळ्यात बांधून पाठवली. मावशीनं ती कात्रीनं कापली. दुसऱ्या दिवसापासून ते पोर आलं नाही. मग एकेक करून सगळीच गेली. बघा काय न्याय आहे! पोरांचे दात किडत होते तोवर तिच्या दारात रांग होती. ती दात राखायला लागली आणि दार रिकामं झालं. पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीनं पोरं घेतली. ती मोबाईल लावून देते, हातात बिस्किटाचा पुडा. पोरं गप्प असतात.

शेवटचं पोर गेलं, त्या दुपारी मी लसूण घेऊन गेले. घड्याळाची टिकटिक पुन्हा ऐकू येत होती. मावशी सतरंजीची घडी घालत होती. मला म्हणाली, "बोला आता मोठ्यानं, ताई. कुणी उठायचं नाय." मी सूप पुढ्यात ओढलं आणि लसूण सोलायला लागले.

त्यानंतर मामा गेले. मुलगा पुण्याला, तो बोलवायचा, पण ही गेली नाही. कधी गुळाचा खडा तोंडात न टाकणाऱ्या बाईला साखरेनं गाठलं आणि साखरेनं डोळे नेले. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग माणूस आवाजावरून ओळखायला लागली. रेखा-सुनील पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेऊन गेले होते. मला कधी बाजारात रेखा भेटायची, बरोबर ओवी असायची. बालवाडीत पोरं तिला 'बोळकी म्हातारी' म्हणून चिडवायची, असं रेखानंच सांगितलं. तेव्हापासून पोरगी बोलताना तोंडावर पालथा हात धरायची. भाजीवाल्यालाही हाताआडूनच "काका, कोथिंबीर" म्हणायची. हे मी मावशीला सांगितलं नाही. ती मात्र मी बाजारातून आले की एकच विचारायची, "दिसली का? आले का?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही गं. सातवं लागू दे."

सातवं लागलं. मावशी तोवर अंथरुणाला खिळली होती. मी रेखाला गाठून म्हटलं, "एकदा येऊन जा. तुझा राग खरा आहे, पण ती आता फार दिवसांची सोबती नाही." रेखा मेथीची जुडी निवडत राहिली. पण रविवारी आली. ओवीला घेऊन.

केवढी उंच झाली होती पोर! दारात चपला काढताना मी तिला म्हटलं, "बघू गं, राणी, नवे दात." तिनं आईकडे पाहिलं आणि हात बाजूला केला. समोर दोन नवे दात. मोठे, करवतीसारख्या कडेचे, पहिल्यांदा येतात तसे. एक पांढरा. दुसऱ्यावर मधोमध मेथीच्या दाण्याएवढा पिवळा-तपकिरी डाग, खोलगट. रेखानं माझा हात दाबला. "मोठी झाल्यावर वरून काही बसवतील म्हणतात," ती कुजबुजली, आणि डोळ्यांनी मावशीकडे बघून मान हलवली. सांगू नका, अशी.

"मावशी, ओवी आलीय," रेखा मोठ्यानं म्हणाली. "दात आलेत तिला. पांढरेशुभ्र. मोत्यासारखे."

मावशी उठून बसली. किती दिवसांत अशी आपली आपण उठली नव्हती. तिनं मला गडूतून पाणी घालायला लावून हात धुतले, उशीखालून मलमलचं फडकं काढलं, बोटाला गुंडाळलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते सोडून बाजूला ठेवलं. "ये गं माझी बाय. तोंड उघड." ओवीनं उघडलं. मावशीचं उघडं बोट पहिल्या दातावरून सरकलं, कडेकडेनं, वरून खाली. मग दुसऱ्यावर आलं. मधोमध थांबलं. जरा मागे गेलं, पुन्हा तिथंच आलं आणि तिथंच टेकून राहिलं.

"टोचलं का, आजी?" ओवीनं बोबडं विचारलं, बोट तोंडात असल्यानं.

"नाय गं. लय छान आलेत." मावशीनं बोट काढून पदराला पुसलं. रेखा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. मग मावशीनं चाचपत पोरीची कूस शोधली आणि पूर्वीसारखं बोट घातलं, गुदगुली केली. ओवीचे खांदे हलले, डोळे मिटले, हात तोंडावर गेला.

"हसली का?" मावशीनं मला विचारलं.

"हसली गं."

"ऐकू नाय आलं."

त्या दोघी गेल्यावर मी चहाचे कप उचलत होते. मावशी पुन्हा आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं झोपली. मी पडदा ओढायला गेले, तेव्हा ती तिच्या त्या जुन्या, कुणी उठू नये अशा आवाजात बोलली.

"ताई, हे दात आता पडायचे नायत."